तारापूरचा रुपया आणि ओटीपी : ‘वाजवून घेण्या’च्या हक्काचा इतिहास (धागा)

१८३०च्या दशकात निजामाच्या मुलखात एक रुपया चालत असे. त्याचे नाव पेस्तनशाही. औरंगाबादच्या टांकसाळीत पाडलेल्या या नाण्यामागे ज्या सावकारी पेढीचा पैसा आणि पत उभी होती, ती पेस्तनजी मेहेरजी आणि विकाजी मेहेरजी या पारशी बंधूंची. हे बंधू मूळचे तारापूरचे. बोईसर स्थानकावर उतरून गाठायचे तेच हे तारापूर. आज त्याचे नाव निघाले की अणुवीज केंद्र आठवते, पेढी कोणालाच आठवत नाही.

त्या काळी रुपया तपासत कसे? सराफ तो दगडावर आपटून नाद ऐके, बोटाने कड चाचपे, तळहातावर वजन जोखी. ‘खणखणीत नाणे’ आणि ‘वाजवून घेणे’ हे मराठीतले शब्दप्रयोग याच सवयीची आठवण जपून आहेत. फसवणुकीपासून स्वतःला वाचवण्याची ही विद्या एकाच इंद्रियावर अवलंबून नव्हती. ज्याला दिसत नसे तो नादावरून आणि कडेवरून खोटा पैसा ओळखे. ज्याला ऐकू येत नसे तो वजन आणि ठसा पाहून.

आज त्याच बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात पगार मोबाइलवर जमा होतो आणि मोबाइलवरूनच चोरीला जाऊ शकतो. ‘आपले केवायसी अद्ययावत करा’ असा संदेश अंध माणसालाही येतो, कर्णबधिर माणसालाही येतो. चोर भेदभाव करत नाही. भेदभाव दिसतो तो सावधगिरीच्या धड्यांत, कारण हे धडे पाहणाऱ्या आणि ऐकणाऱ्या माणसासाठी लिहिलेले असतात.

‘वाजवून घेण्या’ची सोय कशी गेली, आणि ती परत मिळवण्यासाठी कोण भांडले, याचा हा इतिहास आहे.

सुरुवात कागदापासून करावी लागते. १८६१च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला आणि हळूहळू पैसा धातूतून कागदात उतरला. कागद वाजत नाही. त्याचा खरेपणा जलचिन्हात, छपाईत आणि सहीत, म्हणजे पाहण्याजोग्या गोष्टींत जाऊन बसला. अंध व्यक्तींना आधार उरला तो नोटांच्या आकारांतील फरकाचा, आणि पुढे काही नोटांवर आलेल्या उठावदार खुणांचा. त्या खुणा वापराने झिजतात, हे भाजीवाल्याच्या गल्ल्यातली कोणतीही जुनी नोट सांगेल.

८ नोव्हेंबर २०१६च्या नोटाबंदीनंतर हा आधारही डळमळला. नव्या मालिकेत ५०० रुपयांची नोट १५० मिलिमीटर लांब, २०० रुपयांची १४६ आणि १०० रुपयांची १४२. लगतच्या दोन नोटांमध्ये फरक फक्त चार मिलिमीटरचा, आणि तिन्हींची रुंदी एकच. वर्षानुवर्षे बोटांत मुरलेले माप एका रात्रीत निकामी झाले. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही १९५२ साली मुंबईत स्थापन झालेली संस्था नोटांच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात गेली.

या वादाच्या काळातच, १ जानेवारी २०२० रोजी, रिझर्व्ह बँकेने ‘मनी’ नावाचे ॲप आणले. मोबाइलचा कॅमेरा नोटेवर धरला की ते किती रुपयांची नोट आहे ते बोलून सांगते, आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. सोय मोलाची आहे. पण बँकेने स्वतःच स्पष्ट केले आहे की नोट खरी की बनावट, हे ॲप सांगत नाही. पेस्तनशाही रुपयाचा नाद सांगे तेवढेच नेमके यातून गळाले आहे.

आता बँकेच्या काउंटरकडे वळू, कारण या इतिहासाचा कणा तिथे आहे.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातही अनेक अंध ग्राहकांना चेकबुक, एटीएम कार्ड, लॉकर किंवा नेट बँकिंग नाकारले जाई. कारण एकच, आणि ते सौजन्याने सांगितलेले : ‘तुमच्याच सुरक्षिततेसाठी.’ तुम्हाला दिसत नाही, कोणी फसवेल, म्हणून तुमच्याकडे ते साधनच नको. नोकरी करणारा, कर भरणारा प्रौढ माणूस स्वतःच्या खात्यातले पैसे काढायला कोणाला तरी सोबत घेऊन जाई. फसवणूक टाळण्याच्या नावाखाली त्याला दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर सोडून दिलेले असे. यात सुरक्षितता नेमकी कोणाची होती, हे विचारण्यासारखे आहे.

कायद्यात या नकाराला आधार नव्हता. १८७२च्या भारतीय करार कायद्याचे ११ वे कलम करार करण्यास पात्र कोण ते सांगते : सज्ञान, सुबुद्ध आणि अन्य कायद्याने अपात्र न ठरलेली व्यक्ती. डोळ्यांचा उल्लेख त्यात कुठेही नाही. सव्वाशे वर्षे जुन्या कलमात नसलेली अट बँकांच्या शाखांनी आपल्या मनाने घातली होती.

प्रकरण अपंग व्यक्तींसाठीच्या केंद्रीय मुख्य आयुक्तांपुढे गेले. ५ सप्टेंबर २००५च्या आदेशात आयुक्तांनी जे म्हटले, ते या संपूर्ण विषयाचे बीज मानावे लागेल. केवळ धोका संभवतो म्हणून अंध ग्राहकाला चेकबुक, लॉकर, एटीएम नाकारता येणार नाही. धोका इतर ग्राहकांनाही असतोच, असा त्याचा आशय. युक्तिवाद साधा आहे. डोळस माणसाचा खिसा कापला जातो म्हणून कोणी त्याला पाकीट बाळगायची बंदी करत नाही. त्याला सावध राहायला शिकवतात.

४ जून २००८ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले : अंध व्यक्ती कायद्याने करार करण्यास सक्षम आहेत, आणि चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, किरकोळ कर्ज, क्रेडिट कार्ड या सोयी त्यांना कोणताही भेदभाव न करता द्याव्यात. पुढच्या वर्षी, एप्रिल २००९ मध्ये, नव्या एटीएमपैकी किमान एक तृतीयांश यंत्रे बोलणारी आणि ब्रेल कळफलकाची असावीत अशी सूचना आली.

यंत्र बोलायला मात्र २०१२ उजाडले. ६ जून २०१२ रोजी युनियन बँकेने अहमदाबादेत देशातले पहिले बोलणारे एटीएम सुरू केले. त्यामागे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ‘एक्सआरसीव्हीसी’ या केंद्राचे काम होते. २००३ साली सुरू झालेल्या या केंद्राची धुरा समाजशास्त्राचे प्राध्यापक डॉ. सॅम तारापोरवाला यांनी वाहिली. ते स्वतः दृष्टिबाधित. आडनावाकडे पाहावे : तारापोरवाला, म्हणजे तारापूरचा. पारशी आडनावे गावांची आठवण अशी जपतात. पेस्तनशाही रुपयामागे एक तारापूरकर होता, आणि पैसा पुन्हा ‘ऐकू’ यावा यासाठी झटणाऱ्याच्या नावातही तारापूर आहे. हा निव्वळ योगायोग. इतिहासाला असे योगायोग अधूनमधून सुचतात.

त्या एटीएमची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. एटीएमच्या खोलीत ‘पिन टाकताना दुसऱ्या हाताने कीपॅड झाका’ अशी सूचना असते. हा धडा डोळसाचा. तो मागे वळून पाहू शकतो, खांद्यावरून कोणी डोकावत असेल तर थांबू शकतो. अंध माणसाला मागे कोण उभे आहे ते कळेलच असे नाही, आणि यंत्र मोठ्याने बोलू लागले तर शिल्लक रक्कम बाहेरच्या रांगेलाही कळेल. म्हणून हेडफोन लावायची सोय आली आणि पडदा काळा करण्याची सोय आली. धोका तोच, बचाव निराळा. सुरक्षेचा धडा नुसता ब्रेलमध्ये छापून चालत नाही, तो नव्याने रचावा लागतो, हे इथे प्रथम लोखंडी यंत्रात उतरलेले दिसते.

पैसा यंत्रातून इंटरनेटवर सरकला तेव्हा मात्र हा अनुभव बाजूला राहिला.

संकेतस्थळांवर वाकडीतिकडी अक्षरे ओळखायला लावणारा ‘कॅप्चा’ विसाव्या शतकाच्या अखेरीस आला आणि २०००च्या सुमारास अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याला शास्त्रीय रूप मिळाले. यंत्रे आणि माणसे यांत फरक करायचा, हा त्याचा हेतू. ही अक्षरे जो वाचू शकेल तो माणूस, अशी कसोटी ठरली. मग ज्याला दिसत नाही तो कोण? वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००५ मध्येच कॅप्चाच्या या दोषावर स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केले. तरी पुढची अनेक वर्षे तिकीट काढताना, अर्ज भरताना, बँकेत शिरताना ही अक्षरे वाटेत उभीच राहिली. अंध माणूस शेजाऱ्याला बोलावून अक्षरे विचारी. म्हणजे ज्या पानावर पासवर्ड टाकायचा, त्याच पानासमोर परक्याला आणून बसवी.

ओटीपीचे तसेच. १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाने ऑनलाइन व्यवहार करताना दुसरी पडताळणी सक्तीची झाली. पुढे मोबाइलवर येणारा सहा आकडी क्रमांक घरोघरी पोहोचला आणि त्यासोबत ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हा मंत्रही. अंध माणसाचा फोन स्क्रीन रीडरने वाचतो, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो. डहाणू लोकलच्या गर्दीत संदेश आला आणि इअरफोन कानात नसला, तर तो गुप्त क्रमांक डब्यात सर्वांना ऐकू जातो. माणसाने काहीच सांगितलेले नसते. फोनने सांगितलेले असते. नेहमीच्या पत्रकांमध्ये याविषयी अवाक्षर सापडत नाही, कारण पत्रक लिहिणाऱ्याचा फोन बोलत नसतो.

स्क्रीन रीडरची कथाही थोडक्यात सांगायला हवी. २००६ मध्ये मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी ‘एनव्हीडीए’ हा मोफत स्क्रीन रीडर लिहायला घेतला. त्याच्या जोडीला मिळणारा आवाज मराठीही वाचतो, थोडा यांत्रिक सुरात, पण वाचतो. अट एकच : मजकूर युनिकोडमध्ये हवा. इथे मराठीची खास अडचण येते. वर्षानुवर्षे मराठी मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकला गेला. पडद्यावर तो सुबक मराठी दिसतो. आत मात्र इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते, आणि स्क्रीन रीडर प्रामाणिकपणे ती खिचडीच वाचतो. दुसरा प्रकार स्कॅन केलेल्या सूचनांचा. सही-शिक्क्यानिशी कागदाचे छायाचित्र काढून ते संकेतस्थळावर चढवले, की कार्यालयाचे काम संपते. स्क्रीन रीडरला ते चित्र असते, आणि चित्र मुके असते.

पालघरला मुक्या सूचनेची आणि बोलक्या अफवेची किंमत ठाऊक आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशा तिघांची हत्या केली. टाळेबंदीच्या त्या दिवसांत चोर आल्याच्या, मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवा परिसरात पसरल्या होत्या. मोबाइलवरचे संदेश त्यांचे वाहन होते. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेने पाच भिक्षुकांचा बळी घेतला होता. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, ही आणखी कडक मर्यादा जाहीर झाली ७ एप्रिल २०२० रोजी, गडचिंचलेच्या नऊ दिवस आधी.

या घटनांचा दिव्यांगांशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध संदेशाच्या रूपाशी आहे. अफवा ध्वनिफितीने येते, चित्राने येते, व्हिडिओने येते, बोलीत येते. ती कोणाच्याही कानाला किंवा डोळ्याला सहज भिडते. तिचा खुलासा बहुधा शासकीय मराठीतील पत्र म्हणून येतो, आणि त्याचेही छायाचित्र. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात वारली, कातकरी, मल्हार कोळी, वाडवळी, गुजराती बोलणारी घरे आहेत. बोईसरच्या चाळींत हिंदी आणि भोजपुरी आहे. ‘सदर वृत्त निराधार असून नागरिकांनी त्यावर विश्वास ठेवू नये’ हे वाक्य यांतल्या कितीजणांच्या घरात बोलले जाते? बौद्धिक दिव्यांगता असलेल्या मुलाच्या हातीही मोबाइल असतो. त्याच्यासाठी तर हे वाक्य अस्तित्वातच नसते. युरोपात अशा वाचकांसाठी ‘सोपे वाचन’ ही लेखनाची वेगळी शिस्तच घडली : छोटी वाक्ये, एका वाक्यात एक गोष्ट, शेजारी चित्र. चित्रांनी गोष्ट सांगणाऱ्या वारल्यांच्या जिल्ह्यात ही कल्पना परकी वाटू नये.

आता कानाकडे. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूरचे अणुवीज केंद्र, देशातले पहिले, व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. अशा केंद्राभोवती आपत्कालीन नियोजनाचे टप्पे आखलेले असतात. दीर्घकाळ त्याची बाहेरची कड १६ किलोमीटरची मानली गेली. आपत्तीच्या सरावात इशारा म्हणून भोंगा वाजतो, ध्वनिक्षेपकावरून सूचना दिल्या जातात. भोंगा हा औद्योगिक युगाचा मूळ इशारा, आणि तो गृहीत धरतो की गावाला कान आहेत. ज्याला ऐकू येत नाही तो शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून, पळणाऱ्या पावलांवरून अंदाज बांधतो.

मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८५ साली बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने सुरू झाली. देशातली ती पहिली. पण काळ प्रतिकूल होता. पाच वर्षांपूर्वी, १८८० मध्ये, इटलीतील मिलान येथे भरलेल्या परिषदेने कर्णबधिरांच्या शिक्षणात खुणांच्या भाषेऐवजी ओठ वाचण्याला आणि बोलायला शिकवण्याला पसंती दिली होती. त्या ठरावाची सावली जगभरच्या शाळांवर पडली. हात बांधून बोलायला लावण्याच्या त्या धोरणाने अनेक पिढ्यांची स्वतःची भाषा वर्गाबाहेर राहिली. भारतीय सांकेतिक भाषेसाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन व्हायला २०१५ उजाडले. तिचा पहिला शासकीय शब्दकोश २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा निघाला. २०२१ पर्यंत तो दहा हजारांवर गेला.

शब्दकोशाचा आणि ऑनलाइन फसवणुकीचा संबंध फार जवळचा आहे. जन्मतः कर्णबधिर असलेल्या अनेकांसाठी लिखित मराठी ही शिकलेली, परकी भाषा असते. ‘आपले खाते गोठवण्यात येत आहे’ या वाक्यातला धमकीचा सूर, ‘तात्काळ’मधली लबाड घाई, चुकीच्या व्याकरणातून येणारा संशय, हे सारे भाषा मुरलेल्या माणसाला जाणवते. ज्याच्यापर्यंत ती भाषा पोहोचूच दिली नाही, त्याला ते कसे जाणवावे? अनोळखी संदेशाचा वास येतो, असे आपण म्हणतो. तो वास मातृभाषेतच येतो.

याची उलट बाजूही आहे. २००९ मध्ये अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने हवाईतील एका कंपनीवर कारवाई केली. कर्णबधिर गुंतवणूकदारांनाच गाठून, जुन्यांना नव्यांच्या पैशातून परतावा देणारी ही साखळी योजना होती. आपल्या भाषेत बोलणारा माणूस आपला, हा छोट्या समाजाचा विश्वासच तिथे हत्यार झाला. म्हणून सांकेतिक भाषेतील धड्यात ‘अनोळखी माणसापासून सावध’ एवढे सांगून भागत नाही. ओळखीच्या हातांनी केलेल्या खुणाही वाजवून घ्यायला शिकवाव्या लागतात.

आणि फसवणूक झालीच तर? पैसे निघून गेल्यानंतरचा पहिला तास मोलाचा असतो, त्यात कळवले तर रक्कम वाटेत अडवता येते. त्यासाठी देशभर क्रमांक आहे १९३०. तो फिरवून बोलायचे असते. ऑगस्ट २०१९ पासून तक्रारीचे राष्ट्रीय संकेतस्थळही आहे. तिथे लिहून कळवता येते, पण ते पुन्हा त्याच शिकलेल्या, परक्या भाषेत.

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये ‘राजू अँड द फॉर्टी थीव्हज’ ही पुस्तिका काढली. फसवणुकीचे चाळीस प्रकार चित्रकथांतून सांगणारी. कल्पना उत्तम, राजू लक्षात राहतो. कर्णबधिर तरुणाला ती उपयोगी पडेल, बौद्धिक दिव्यांगता असलेल्यालाही. अंध वाचकासाठी मात्र प्रत्येक चौकटीचे शब्दांत वर्णन सोबत हवे. एक माध्यम एकाला उघडते आणि दुसऱ्याला मिटते, म्हणून एकच गोष्ट तीन-चार वाटांनी सांगावी लागते.

ती सांगता येते. मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे बीप-बीप असा आवाज येतो आणि शेजारी चिन्हाचा फलकही असतो. अंध माणूस आवाजाने येतो, कर्णबधिर फलकाने. २०२३च्या पावसाळ्यात देशभर मोबाइलवर आपत्कालीन इशाऱ्याची चाचणी झाली, तेव्हा फोन किंचाळला, थरथरला आणि पडद्यावर मजकूरही आला. भोंग्याला जे जमले नव्हते, ते त्या क्षणी खिशातल्या यंत्राला जमले.

धडेही तसेच रचता येतात. बनावट दुवा ओळखण्यासाठी डोळसाला सांगतात, ‘स्पेलिंग नीट पाहा.’ स्क्रीन रीडर तर अख्खा शब्द एका दमात उच्चारून जातो. एखादे अक्षर बदललेले असले तरी कानाला ते सरकन निसटते. अंध विद्यार्थ्याला शिकवायचे ते हे : बाणाच्या कळीने एकेक अक्षर ऐका. ओटीपी येणार असेल तर आधी इअरफोन लावा. शेजारी कोणी असेल तर स्क्रीन रीडरमधला पडदा काळा करण्याचा पर्याय वापरा. मदतीसाठी कोणी फोनचा ताबा देणारे ॲप टाकायला सांगितले तर थांबा. अशाच एका ॲपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. एकेक अक्षर ऐकणे, हेच आजचे नाणे वाजवणे.

कायदा या सगळ्याच्या मागे हळूहळू येत होता. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या करारास मान्यता दिली. त्याच्या नवव्या कलमात रस्त्याइतकीच माहितीही सुगम हवी असे म्हटले आहे. २०१६च्या नव्या कायद्यात प्रकार एकवीस झाले, त्यांत ॲसिड हल्ल्याच्या पीडितांचाही समावेश झाला, आणि ४२ व्या कलमाने ध्वनी, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम असावा अशी जबाबदारी सरकारवर टाकली. तरी नियम बरेचसे शिफारशीच्या भाषेत राहिले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर स्पष्ट केले की सुगमतेचे किमान नियम ऐच्छिक असू शकत नाहीत.

त्यानंतरचा निकाल या कथेला पुन्हा बँकेच्या काउंटरवर आणतो. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून २०२३ मध्ये खाते उघडायला एका बँकेत गेल्या. डिजिटल केवायसीमध्ये समोरची व्यक्ती जिवंत आहे हे सिद्ध करण्यासाठी कॅमेऱ्यासमोर पापणी मिटायची होती. हल्ल्याने डोळ्यांची जी हानी झाली होती, तिच्यामुळे त्यांना ते शक्य नव्हते. कॅप्चाने विचारले होते, माणूस असल्याचा पुरावा द्या; कॅमेऱ्याने विचारले, जिवंत असल्याचा द्या. दोन्ही प्रश्न सुरक्षिततेच्या नावाने विचारलेले, आणि दोन्हींचे अपेक्षित उत्तर डोळ्याने द्यायचे.

त्यांची याचिका आणि पूर्णतः अंध असलेले वकील अमर जैन यांची याचिका एकत्र ऐकली गेली. ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांनी निकाल दिला : डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. सोबत वीस निर्देश दिले. जिवंतपणा तपासण्यासाठी पापणीखेरीज अन्य मार्ग असावेत, अंगठ्याचा ठसा स्वीकारावा, संकेतस्थळे आणि ॲप यांची सुगमतेच्या दृष्टीने ठरावीक काळाने तपासणी व्हावी, हे त्यांतले काही. २००५च्या आदेशाने धोक्याचे निमित्त काढून घेतले होते. वीस वर्षांनी न्यायालयाने कुलूप बनवणाऱ्यालाच सांगितले की किल्ली प्रत्येकाच्या हाती बसेल अशी घडव.

त्याच महिन्यांत देशातला सायबर सुरक्षेचा सर्वांत मोठा धडा चालू होता. २०२४च्या अखेरीपासून कोणालाही फोन लावला की आधी सायबर गुन्हेगारांपासून सावध करणारी ध्वनिफीत ऐकू येई; पुढे तीत अमिताभ बच्चन यांचा आवाज आला. दिवसातून अनेकदा तेच ऐकून लोक कावले, विनोद झाले, तातडीच्या वेळी फोन लागायला उशीर होतो अशी तक्रार झाली, आणि जून २०२५ मध्ये तो आवाज थांबला. ऐकणाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बोईसरच्या कारखान्यातून पाळी संपवून निघालेल्या, घरी व्हिडिओ कॉल लावून हातांनी बोलणाऱ्या कर्णबधिर कामगाराच्या लेखी मात्र ती ध्वनिफीत सुरूही झाली नव्हती आणि बंदही झाली नाही.